गॅसचं तोंड बैठकीकडे

सानगडी,
दिवाळीनंतरचा बुधवार

प्रिय भुपेंद्र,

तू मोबाइलवर पाठवलेली किचनची तिन्ही डिझाइनं पाहिली. माहेरी आलेल्या कामिनीने बोटांनी मोठी करकरून दाखवली. तिन्ही मला नापसंत आहेत. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून पत्र. शेजारचा कैलाश उद्या पुण्याला निघतोय, त्याच्या हाती देते. शेवटपर्यंत वाच, मधेच ठेवून उठू नकोस. मी रागात आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर रीनाजवळ "आईला नेमकं काय म्हणायचंय तेच कळलं नाही" अशी सोंगं करायला नको.

पहिल्या डिझाइनमध्ये तू बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत तशीच ठेवलीस आणि तिला ताटं द्यायला एक खिडकी पाडलीस, हॉटेलात असते तशी. म्हणजे आतापर्यंत दारातून हात बाहेर काढत होते, आता खिडकीतून काढायचा. दुसऱ्यात भिंत काढलीस, मधोमध तो सुटा ओटा, तुमचं ते आयलंडही दिलंस, पण गॅस ठेवलास मागच्या भिंतीला. तिसऱ्यात आयलंडला उंच स्टुलं लावलीस, वर लोंबते दिवे लावलेस, आणि गॅस पुन्हा मागच्याच भिंतीला. दिव्याखाली बसून पाहुण्यांनी माझी पाठ बघायची, असंच ना? मी तुला विचारलं होतं, गॅस आयलंडवर का नाही. तू म्हणालास, चिमणी भिंतीला बरी पडते. मग म्हणालास, फोडणीचा ठसका बैठकीत जाईल. आणि मग आवाज बारीक करून म्हणालास, "आई, बाबांची माणसं येतात, तू त्यांच्यासमोर कशी उभी राहशील?" चिमणी आणि ठसका गेले चुलीत. खरं कारण ते तिसरं आहे, आणि ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मागच्या उन्हाळ्यात गुडघा दाखवायला तुझ्याकडे पुण्याला आले होते, आठवतं? रीना ऑफिसला जायची आणि मी तुमच्या त्या आयलंडवर पोळ्या करायची. तू समोर लॅपटॉप उघडून बसायचास. एका सकाळी तू माझ्याशी किती वेळ बोलत होतास, तुला तरी पत्ता होता का? साहेब कसा छळतो, रीनाशी कशावरून वाजलं, चूक तुझीच कशी होती, सगळं. तू लहानपणीसुद्धा माझ्याशी एवढं बोलला नव्हतास. मी पोळी भाजता भाजता तुझ्याकडे बघत होते, एवढंच काय ते वेगळं होतं. तेवढ्यात तुझ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मॉड्युलर किचन विकणं तुझा धंदाच आहे, तू गोड आवाजात त्या बाईंना म्हणालास, "मॅडम, गॅस आयलंडवर घेतला की तुमचं तोंड घरच्यांकडे राहतं, तुम्ही गप्पांमधून तुटत नाही." माझी पोळी तव्यावर करपली. असली वस्तू बाजारात मिळते आणि माझा स्वतःचा मुलगा ती विकतो, हे मला छप्पन्न वर्षांची झाल्यावर कळलं. ती कोण कुठली मॅडम गप्पांमधून तुटू नये, आणि आई तुटली तरी चालेल?

लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती भिंत बघते आहे. कॅलेंडरचा खिळा, त्याखालचा तेलकट डाग, कोपऱ्यातली भेग दर पावसाळ्यात थोडी वाढते तीसुद्धा. तुझ्या बाबांच्या सगळ्या मित्रांना मी आवाजावरून ओळखते. बाजारात समोर उभे राहिले तर गोपीचंदभाऊ कोणते आणि ताराचंदभाऊ कोणते हे त्यांनी तोंड उघडल्याशिवाय मला सांगता यायचं नाही. हसू नकोस. मी त्या माणसांना इतक्या वर्षांत किती चहा पाजला असेल. आणि त्या सगळ्यांशी माझं बोलणं काय, तर दाराची कडी. चहा झाला, कडी वाजवा. ताटं वाढली, कडी वाजवा. मग तिकडून कोणीतरी उठून यायचं आणि घेऊन जायचं. तुझी आजी तशीच कडी वाजवायची, तिने मला शिकवलं, आणि मी शहाण्यासारखी शिकले.

आता कामिनीचं ऐक. तू दिवाळीला आला नाहीस, म्हणून तुला अर्धंच माहीत आहे. दिवाळीच्या आधी ती लेकराला, रंजूला घेऊन बसमधून उतरली ती डाव्या मनगटाला प्लास्टर घालूनच. न्हाणीत घसरले म्हणाली. तुझ्या बाबांनी तुमसरला तिच्या सासरच्या न्हाणीतल्या फरशीला दोन शिव्या दिल्या आणि विषय संपला. मी स्वयंपाक करता करता विचारायची, "खरंच घसरलीस का गं?" ती माझ्या मागून म्हणायची, "हो आई." आवाजात काही सापडायचं नाही. नर्सबाई आहे ती, दुखणं कसं झाकायचं हे तिला पक्कं ठाऊक.

तेवढ्यात तुझं पहिलं डिझाइन आलं. त्यात ओट्याची उंची चौतीस इंच. ती रीनाला ठीक आहे, मला त्यावर कणीक मळायची तर पाटावर उभं राहावं लागेल. हिरालाल मिस्त्रीने अंगणात विटा आणून टाकल्याच होत्या. मी कामिनीला म्हटलं, चल, आपणच उंची काढू. विटांचे दोन खांब रचले, वर जुन्या कपाटाची फळी टाकली आणि मी परात घेऊन कणीक मळायला लागले. खांदे दुखले की थर कमी कर, कंबर दुखली की वाढव. ती एका हाताने विटा सरकवायची आणि पलीकडे उभी राहून वड्यांसाठी बरबटीचे, चवळीचे दाणे निवडायची. आम्ही दोघी हसलोसुद्धा, कारण रंजूने दुकान समजून आमच्याकडे साखर मागितली. असं रोज चाललं होतं. एका दुपारी मी मळता मळता सहज मान वर केली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला नजर वळवता आली नाही. मग सांगितलं सगळं. जावयाने, चंद्रकुमारने हात मुरगळला ते. हे पहिल्यांदा नव्हतं ते. भाजीत मीठ जास्त झालं तेव्हाचं, नोकरीचं नाव काढलं तेव्हाचं. "आई, आता मले नाई जाचं तिथं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा बरबटी निवडायला लागली. माझी पाठ तिच्याकडे असती तर हे मला कधीच कळलं नसतं. उंची एकतीस इंच निघाली. लिहून घे.

मी तुझ्या बाबांना सांगितलं. ते रात्रभर खाटेवर बसून होते. वाईट माणूस नाहीत ते, लेकीवर त्यांचा जीव आहे. पण सकाळी उठून त्यांनी काय केलं, तर तुमसरला व्याह्यांना फोन लावून गावच्या जत्रेचं, मंडईचं बोलावणं केलं आणि मला येऊन म्हणाले, "मंडईले येऊन राहिले ते. चार मोठे मानसं बसतीन, समजूत काढतीन, अन् घेऊन जातीन. तू वड्यायचं पाह्य." तुलाही त्यांनी कळवलं, आणि मी वाट बघत होते की निदान तू पेटून उठशील. बहीण आहे ती तुझी. शनिवारी तुझा फोन आला, आणि तू म्हणालास, "आई, मी मंडईला येतो, त्यांच्याशी बोलतो. तू टेन्शन घेऊ नको, तू फक्त चहापाण्याचं बघ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप शेती करतो, मुलगा पुण्यात किचन विकतो, आणि दोघांच्या तोंडून वाक्य एकच.

कारण चहापाण्याचं मी एकदा पाहिलेलं आहे. सात वर्षांपूर्वी, याच मंडईला. घर पाहुण्यांनी भरलं होतं, बैठकीत तुमसरची मंडळी होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून बरबटीचे वडे तळत होते. कामिनी मागच्या खोलीत साडी नेसत होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यातली तिची नोकरी नवीनच होती. तेलाच्या आवाजात मला तुटक तुटक ऐकू येत होतं. चंद्रकुमारचा काका म्हणाला, "पोरगा जरा तापट हाये, पन लगन झालं का थंडा होते." सगळे हसले. तुझे बाबाही हसले. मी गॅस बारीक केला, तेल गप्प व्हावं म्हणून. मी जाऊन कडी वाजवली, जोरात वाजवली. आणि बैठकीतून कोणीतरी म्हणालं, घ्या, चहा झाला.

चहा घ्यायला तू आत आलास. नागपूरला शेवटच्या वर्षाला होतास, नवा निळा शर्ट घातला होतास. मी तुझा दंड धरून सांगितलं, "बाबाले आत पाठव. अन् ते नाई आले तं तिथंच सगळ्यायसमोर विचार, आई विचारते म्हना, तापट म्हंजे काय? पोरगा हात उचलते का?" तू "हो आई" म्हणालास. मग ओट्यावरचा ट्रे उचललास आणि गेलास. मी दाराच्या फटीला कान लावून उभी होते. कपबशा वाजल्या. तुझा आवाज आला. तू म्हणालास, "साखर बरोबर आहे ना?" आणि थोड्या वेळाने सुपारी फुटली.

मी तुला कधी विचारलं नाही. पोरगा विसरला, गडबडीत राहून गेलं, अशी मनाची समजूत घालत राहिले. ती समजूत सात वर्षं टिकली. पण परवा तू म्हणालास ना, "त्यांच्यासमोर कशी उभी राहशील," तेव्हा मला कळलं की तू विसरला नव्हतास. आई मधे बोलते हे सांगायची तुला लाज वाटली होती. तुला माझ्या बोलण्याची लाज वाटली आणि तुझ्या बहिणीचा हात मोडला. हे मी लिहायला नको होतं, असं कदाचित उद्या वाटेल. आज वाटत नाही.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत हिरालालने आज सकाळी पाडली. मी पाडायला लावली. तुझे बाबा शेतावरून आले, धुळीत उभे राहिले, मग ओसरीत जेवले. दार चौकटीसकट गोठ्यात नेऊन टाकलं आहे, कडी त्यालाच आहे. रविवारी मंडई. तोवर तुझं ग्रॅनाइटचं आयलंड काही होत नाही, म्हणून भिंतीच्या जागी त्याच विटा आणि तीच फळी लावली आहे, एकतीस इंचांवर, आणि वर गॅस ठेवला आहे, तोंड बैठकीकडे. रविवारी वडे होणार नाहीत. मी फळीमागे उभी असेन, कामिनी माझ्या शेजारी असेल, आणि ती कुठेही जाणार नाही हे मी माझ्या तोंडाने सांगेन. मला आता निरोप्या नको आहे. पण माझा एक निरोप सात वर्षं तुझ्याकडे पडून आहे, तो आधी पोचव. चंद्रकुमारचा काका येऊन बसला की तू उभा राहा आणि त्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार, आई विचारते, तापट म्हणजे काय, पोरगा हात उचलतो का? मग खाली बस. पुढचं मी बोलते. आणि हे जमणार नसेल तर मंडईला येऊ नकोस, डिझाइन मोबाइलवर पाठव.

रागावलेली, तरी तुझीच,
आई