खोली पगारात धरावी

जळगाव, मंगळवार, १२ मार्च १९९१

१. कारखान्याचे करसल्लागार आज हिशेब पाहायला आले.
२. आमच्या मालकांनी, नानांनी, मला पिंप्राळ्यात बिनभाड्याची खोली दिली आहे. सल्लागारांनी ती माझ्या पगारात धरली. त्यावर मला कर पडणार.
३. नाना चिडले.

"पोरले ऱ्हावाले खोली दिधी, तिना बी कर? भेट शे ती."

सल्लागार चष्मा पुसत म्हणाले, "कामावरच्या माणसाला दिलेली फुकट खोली म्हणजे पगारच, नाना. मायेसाठी कायद्यात रकाना नाही."

"मंग कागदवर लिखूच नका."

मी साच्याचं ड्रॉइंग करत होते. सगळं ऐकू येत होतं.

कर वाढला म्हणून वाईट वाटायला हवं होतं. उलट संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडताना बरं वाटलं. चोपड्याला गेले की आबा दरवेळी विचारतात, मालक माझ्या मुलीला फुकट खोली का देतो? मागच्या खेपेला म्हणाले, उत्तर नसेल तर नोकरी सोड, घरी ये. ते उत्तर आज मिळालं. खोली कुणाची मेहेरबानी नाही, माझ्या कामाचा मोबदला आहे. मात्र तसं कागदावर हवं, नुसत्या माझ्या तोंडच्या शब्दावर आबा ऐकणार नाहीत.

नाना दुखावतील का? थोडेसे. तरी उद्या एवढंच लिहून देणार:

नाना, पगाराच्या दाखल्यात खोली दाखवावी. कर मी भरेन. हो की नाही, ते शनिवारपर्यंत कळवावे.