राजेश्वरवाली कोण?

सोमवार, ४ ऑगस्ट
श्रावणी सोमवार. उपवास. भगर केली, यांना शिळी भाकरी चालली.
कलबुर्गीहून वैशालीचा फोन. मंठाळच्या बायांशी बोलून लिहिलेला लेख छापून आला. इंग्रजीत आहे, आणि फुकट. जगात कुणीही पैसे न भरता वाचावा, असंच ते मासिक आहे म्हणे. मला बरं वाटलं. विद्येला कुलूप कशाला!
विचारलं, "बायांची नावं घातलीस का?" म्हणाली, "आई, नावं घालायचीच न्हाईत, नियम हाय. ओळख लागू द्यायची न्हाई. गावाचं पण नाव न्हाई, नुस्तं बसवकल्याण तालुका."
कॉलेजात गेस्ट म्हणून किती वर्षं शिकवायचं पोरीनं. पुढच्या महिन्यात कायमच्या जागेची मुलाखत. हा लेख त्यात धरतील.
मंठाळला माहेरी अण्णाला कळवलं. महादेवाला बेल.

मंगळवार, ५
सकाळीच अण्णाचा फोन. आवाज बारीक. मला वाटलं वहिनीला काही झालं.
"सुमे, त्यात राजेश्वरवाली कोण गं?"
भाचीचं कौतुक म्हणून अण्णानं काल तो लेख गावाच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'आपल्या मंठाळवर लेख'. पोरांनी मोबाईलवर त्याचं मराठी करून घेतलं. मोबाईलनं कॉपर-टीचं 'तांब्याचा चहा' केलं. संध्याकाळपर्यंत पारावर हसणं चाललेलं, राजेश्वरवाली घरच्यांना चोरून तांब्याचा चहा पिते म्हणून. मग कंपौंडरनं सांगितलं, चहा न्हाई रे, तांबी. मूल राहू नये म्हणून बसवतात ती. मग कुणी हसलं नाही.

वैशालीला फोन केला. म्हणे, "पण मी नाव बदललंय ना. सुनीता असं कुठंच न्हाई."
अगं, सुनीता कुणाला ठाऊक आहे मंठाळात! नवरासुद्धा म्हणत नसंल. ज्या गावची लेक त्या गावाची वाली. सासू, जावा, दुकानदार, सगळ्यांना ती राजेश्वरवालीच. हीच तर तिची हाक. हिनं झाकायचं ते उघडं ठेवलं आणि जे कुणाला माहीतच नव्हतं ते झाकलं.
वै. हळू, "मला वाटलं राजेश्वर केवढं मोठं गाव, कितीतरी बाया असतील तिथल्या."
तिची काय चूक म्हणू. हुलसूरला क्वार्टर्समध्ये वाढली. इथं मी 'वैशालीची आई'.

बुधवार, ६
झोप नाही. जप करताना माळ दोनदा सुटली.
आठवतंय सगळं. अण्णाच्या परसात बसलो होतो, शेंगा फोडत. वै. विचारत होती, बाया माझ्या तोंडाकडं बघून बोलत होत्या. त्या गेल्यावर सुनीता मागं राहिली. दोन पोरींनंतर सासू मुलासाठी नवसावर नवस बोलायली, देवळं झाली, दर्ग्याला चादर झाली. आणि हिनं माहेराला जाते म्हणून जाऊन तांबी बसवून घेतली. "दुसऱ्या टायमाला मरता मरता वाचले अक्का. आता पुरे." वै.नं विचारलं, हे लिहू का? ती हसली. "लिही की पोरी. आमच्यात इंग्रजी कोण वाचायलंय!"
देवाला नवस बोलून वर हे, असं तेव्हा माझ्या मनात आलंच होतं. आज वाटतं, देवाला तर सगळं ठाऊक होतं. माणसांना नव्हतं तेच बरं होतं.

गुरुवार, ७
वै.नं संपादकांना लिहिलं होतं, लेख काढून टाका. उत्तर आलं. छापलेलं गुपचूप काढता येत नाही. मागं घेता येतो, पण का घेतला ते तिथं लिहावं लागतं. म्हणजे मुलाखतीत लेख धरणार नाहीत ते नाहीतच, वर वै.च्या नावापुढं कायमचा डाग.
हे म्हणाले, "गप बसा. चार दिवसांत लोक विसरतात."
वै. रडली. म्हणाली, "नोकरीचं सोड आई. ओळख उघडी पडली म्हणून लेख मागं घेतला असं छापलं की गावाला खात्रीच पटंल."
मीच त्या संपादकांशी बोलते म्हटलं. वै.नं फोन जोडून दिला. धारवाडकडचे, कन्नड बोलले, अक्का अक्का करून. मी सांगितलं, असं छापा की चूक झाली, ती बाई राजेश्वरची नाही, दुसऱ्याच तालुक्यातली.
म्हणाले, "अक्का, दुरुस्तीत खोटं कसं छापू?"
"एका बाईचा संसार वाचतोय."
त्यांनी मग विचारलं, "तिला विचारलंत का, तिला काय पाहिजे?"
नाही विचारलं. आमच्यापैकी कुणीच नाही.

शनिवार, ९
राखी. बसवकल्याणला बस बदलून मंठाळ. भीतीनं पेढे घ्यायचे राहिले, अण्णाला साखर भरवली.
वहिनीनं आत नेऊन सांगितलं.
मंठाळात राजेश्वरवाल्या दोन. देवळामागची सुनीता. आणि दुसरी चावडीजवळची, तिलाही दोन पोरीच. गावानं ती धरली! कारण काय, तर ती पोटदुखीसाठी कल्याणच्या दवाखान्याला जात होती आणि सासूला ट्रंकेत गोळ्या सापडल्या. परवा तिला माहेरी घालवलं. पोरी ठेवून घेतल्या. जाताना सासू दारात उभी राहून, "जा, तांब्याचा चहा पी जा बापाघरी."
तिनं देवाची शपथ घेतली, तरी कुणी ऐकलं नाही.

सुनीता हापशावर दिसली. वर बघंना. घागर भरून वाहायली तरी हापसतच होती. मी जवळ गेले.
"अक्का, माझ्याकडं येऊ नगा. बघायलेत."
"ती बिचारी घालवली गं."
"ठाव हाय." मग दातावर दात धरून, "मी काय करू? मला बी दोन हाईत."
संपादकांचं विचारायचं तसंच राहिलं.

सोमवार, ११
संपादकांनी चौकशी होईतोवर लेख झाकून ठेवला. काय उपयोग, ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये आहे.
दुपारी दार वाजलं. चावडीजवळच्या राजेश्वरवालीचा नवरा. हे बँकेत गेलेले, मी एकटी. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. चप्पल बाहेर काढून खाली बसला. पाणी प्याला.
"अक्का, तुम्ही गावची लेक. तुम्ही तिथं बसला होता म्हणतात. माझी बायको व्हय का न्हाई, एवढंच सांगा. न्हाई म्हणा, आत्ता जाऊन घेऊन येतो."
न्हाई. एवढाच शब्द. आणि तो म्हटला की दोघींतली एकच उरते.
मी म्हटलं, "मला इंग्रजी येत न्हाई बाबा."
त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मराठीत तर कळतंय की अक्का."
चहा केला तो तसाच ठेवून गेला. ओतून टाकला नाही, मीच प्याले. गार, साय धरलेला.
खोटं बोलले नाही. तरी संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना मान वर होईना. आधी संपादकांचा राग आला होता, खोटं छापत नाहीत म्हणून. आता त्यांच्याच जागी मी.

मंगळवार, १२
मंगळागौरीचं बोलावणं होतं. गेले नाही.
वै.ला म्हटलं, काय करायचं ते ठरव. म्हणाली, "मी मागं घ्यायला सांगणारच हाय. मुलाखत गेली तर गेली. पण कधी आणि काय कारण लिहून, हे सुनीतानं सांगितल्याबिगर न्हाई." पोरीचा आवाज एकदम मोठ्या बाईसारखा.
पण तिला विचारायचं कसं. तिच्या घरचा फोन सासूजवळ.

बुधवार, १३
सुनीताचाच फोन आला! वहिनीच्या मोबाईलवरून. अगदी थोडं बोलली.
"अक्का, काल तिच्या पोरी आमच्या दारात आलत्या. धाकटी इचारायली, राजेश्वरची बस कुठली. मीच सांगते आता. उद्या. सगळ्यांम्होरं."
मी म्हटलं, थांब, घाई नको, अण्णाला तुझ्या नवऱ्याशी आधी बोलू दे. खरं म्हणजे घाबरले होते मीच.
"न्हाई. थांबले तर व्हायचं न्हाई माझ्यानं. तुम्ही या. भ्या वाटायलंय."
लेखाचं विचारलं. "काढा म्हणा. पण माझं सांगून झाल्यावर. आदी काढलं तर भिऊन काढलं म्हणतील."
वै.ला जसंच्या तसं कळवलं. तिनं तसंच संपादकांना लिहून पाठवलं.
हे म्हणाले, "तू कामून जायलीस? काही झालं तर तुझ्यावर येईल." मी भाजी चिरत राहिले.

गुरुवार, १४. मंठाळ, अण्णाच्या घरी, दुपार
बसमधून उतरले तर थांब्यावर सुनीताच्या दोन्ही पोरी. उन्हात. मोठीच्या हातात पिशवी, आत कपडे आणि शाळेची पाटी. वेण्या घट्ट घातलेल्या, तेल लावून.
"आईनं सांगितलंय, तुमच्याजवळ थांबायचं. ती बोलवंस्तर घराकडं यायचं न्हाई."
मी धावतच निघणार होते, तर मोठीनं पदर धरला. "तुम्ही बी जायचं न्हाई म्हणलीये. आमच्याजवळच."
सोबतीला बोलावलं म्हणून आले. तिला सोबत नको होती, पोरींना हवी होती.

दोघींना वरणभात वाढला. धाकटी जेवली. मोठी घास हातात धरून कान देऊन बसलीय. अण्णा तिकडं गेलाय, अजून आला नाही. वहिनी देवाजवळ. मघाशी देवळामागून मोठ्यानं कुणीतरी बोललं, बाईचा आवाज होता, शब्द कळले नाहीत. नंतर काहीच नाही.
वै.चे तीन फोन. काय सांगू.
मोठी आत्ता विचारतेय, "अक्का, आवाज थांबला. जाऊ का आता?"