प्रमुखाशिवाय कुटुंब

३ जून, बुलढाणा
समाजभवनातल्या खुर्चीचा जाहीर निषेध. पाचातलं एक चाक गेलंय. दर दोन ओळींनी मी डावीकडे कलंडतो. समाजातल्या कुटुंबांची यादी ठेवणारी मंडळाची वेबसाइट फुकटात सांभाळणाऱ्या एकावन्न वर्षांच्या माणसावर ही वेळ. सचिव नानासाहेब म्हणाले, "तुमी उजवीकडे सरकून बसत जा न."

५ जून
पिंपळगाव राजाहून सुमनताईचा फोन. मावसबहीण. भाऊजी चैत्रात गेले.
"पल्लवीचा होस्टेलचा फॉर्म भरून राह्यली, तं साइट म्हणते असं कोणी नाहीच. आमी गेलो कुठी, भाऊ?"
वसतिगृह मंडळाचं. यादीत नाव नसलं की अर्ज नाही. शेवटची तारीख १५.
म्हटलं, नेट स्लो असेल. वाटलं मात्र वेगळंच.

६ जून
वाटलं तेच झालंय. हापिसातल्या बाईंनी भाऊजी 'मयत' म्हणून त्यांची नोंद काढली. मागोमाग ताई आणि पल्लवीही गेल्या. सर्व्हरवर सती.
कारण साइटमागे टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, दोनच: प्रमुख आणि सदस्य. प्रत्येक सदस्य प्रमुखाला बांधलेला. प्रमुख पुसला की सदस्य आपोआप पुसायचे. कोडमधली ती ओळ माझी. दोन वर्षांपूर्वी नानासाहेब म्हणाले होते, "प्रमुखाबिगर कुटुंब असते काय?" मी हसलो होतो. आणि तसंच लिहिलं होतं.
आणखी चार घरं अशीच गेलीत. त्यांचे फोनसुद्धा आले नाहीत.

८ जून
दुरुस्ती सोपी. 'कुटुंब' हे वेगळं टेबल, प्रमुखासकट सगळे त्याचे सदस्य. माणूस गेला तर नुसती खूण, पुसायचं कोणालाच नाही. प्रमुख कोणीही. बॅकअपमधून दोघींना माझ्या लॅपटॉपवर उठवलं. साइटवर चढवायला परवानगी लागते.
नानासाहेब: "बाईले प्रमुख करता? मोठा दीर हाये न तिचा नांदुऱ्याले. टाका दोघीले त्याच्याखाली."
"बोलणं नाही त्यांचं."
"कम्प्युटरले काय करायचं बोलणं?"
विषय १४च्या बैठकीत.

१० जून
तरी ताईला विचारलंच. तात्पुरतं दिराखाली टाकू? खोली तर मिळेल.
 ताई म्हणाली, "त्याच्या घरून मी एक पिशवी घेऊन निघाली होती. तुही साइट मले तिथंच नेऊन घालते काय?"
कोणी पुसलं, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१४ जून
बैठक. खुर्चीवर पाऊण तास चर्चा, नवी मंजूर. ताईचा विषय वेळेअभावी पुढच्या महिन्यात.

१५ जून
सकाळी न विचारता चढवलं. पाचही घरं परत. पल्लवीच्या अर्जाची पोच आली, प्रमुख म्हणून आईचं नाव. खोली देणं न देणं नानासाहेबांच्या सहीवर.
दोन एसट्या बदलून पिंपळगाव राजा. ताईचा स्टीलचा डबा दिवाळीपासून माझ्याकडेच होता. रिकामा कसा न्यायचा, लाडू भरून नेला. ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "तुम्हा दोघींना पुसणारी ती ओळ मीच लिहिली होती, ताई."
तिनं झाकण काढून पाहिलं, परत लावलं. "बस. चहा मांडते."
खिशात नानासाहेबांचा चौथा फोन वाजत होता.