लाल गाडी की हिरवी

अमरावती, २ ऑक्टोबर १९६१
"गाडीला घाई नसते, घाई आपल्याला असते." बडनेऱ्याच्या रस्त्यावर मला क्लच शिकवताना आमचे हे म्हणाले होते. आज चहा गाळताना आठवलं. काल अकोल्याहून भाऊजी आले होते. जिनिंगच्या शेडमधल्या दोन इटालियन गाड्यांतली एक विकायची ठरवली आहे. मुंबईचे एक शेट जुन्या गाड्या जमवतात, ते निवडतील.
दोघा भावांनी एका संस्थानाकडून घेतलेल्या. लाल भाऊजींची, हिरवी ह्यांची. हिरवी राहावी असं...
बोलले नाही. भाऊजींनी ओळखलं बहुतेक.

अकोला, ९ ऑक्टो.
लालला नवा रंग दिलाय. दर दसऱ्याला बॉनेटवर तेल-शेंदराचं स्वस्तिक काढायचे, त्याचे डाग पार गेले.
भाऊजी म्हणाले, "वयनी, शेट लालच नेईन, पाहा. हिरवीले म्या हात नाई लावला. धूळ बी तशीच ठेवली."
जाऊबाई: "पोरगी दाखवाले काढावी तशी सजवली लालीले."
खूप दिवसांनी हसले.

१४ ऑक्टो.
शेट आले. मितभाषी. मूर्तिजापूरच्या रस्त्याने दोन्ही चालवल्या. लाल वेगात सरस. हिरवी वेग घ्यायला सुस्त, पण वळणावर रस्ता धरून राहते. हे मला माहीत होतं. कुणी विचारलं नाही.
लाल शंभर मैलांवर नेली, असं भाऊजी वर्षानुवर्षं सांगतात. शेट म्हणाले, "देशमुखसाहेब, हा काटा किलोमीटरचा आहे." भाऊजी रुमालाने काच पुसत बसले.
मग शेटनी बॉनेटवर हात फिरवला. "रंग कधी दिला?"
"आत्ताच, मागच्या हप्त्यात." केवढा अभिमान आवाजात.
शेट म्हणाले, पळवायची असती तर हीच नेली असती. पण जमवणाऱ्याला कारखान्यातला रंग लागतो, डागांसकट. हिरवीवरची धूळ त्यांनी एका बोटाने पुसली आणि खालचा जुना रंग निरखला.
हिरवी ठरली.

१५ ऑक्टो.
भाऊजी जेवले नाहीत. ओसरीवर म्हणाले, "वयनी, माह्याच हातानं झालं."
"माझ्यासाठीच केलंत ना," म्हटलं. दिलेला शब्द ते मोडायचे नाहीत. मोडा म्हणायला माझी जीभही रेटली नाही.
शेडमध्ये जाऊन हिरवीत बसले. शेजारच्या जागेवर. स्टिअरिंगमागे नाही बसवलं.

१६ ऑक्टो.
उद्या गाडी स्टेशनवर नेऊन मालगाडीत चढवायची. रस्ता कापूस बाजारातून. सगळे ओळखीचे. विधवा वहिनी मोटार हाकत चालली, म्हणतील. भाऊजींना माझ्यासाठी पुष्कळ करावंसं वाटतं, पण चार लोकांसमोर... बडनेऱ्याचा रस्ता पहाटे रिकामा असायचा.
मान खाली घालतील आणि नाही म्हणतील. तरी सकाळी विचारणार. भाऊजी, स्टेशनपर्यंत मी चालवते, तुम्ही शेजारी बसाल?