आपल्या घरचं गाणं

तीर्थरूप आईच्या पायांशी मर्थिरच्या लोखंडाच्या भट्टीवरून इयोर्वर्थचा नमस्कार.

हाताला थोडं भाजलं होतं, आता बरं आहे. जेवण पोटभर मिळतं. फक्त तुझ्यासारखी ओटची भाकरी इथे कुणाला जमत नाही.

आता खरी बातमी. नाताळच्या पहाटे इथल्या चर्चमध्ये मी आपल्या घरचं गाणं गायलो. बाबा गेले, मग खालचा सूर कोण धरणार? माझ्या खोलीत राहणाऱ्या कॅराडॉगला महिनाभर शिकवलं. तो म्हणे, "दुसऱ्याच्या घरचं गाणं मी कसं गाऊ? लोक तोंडात शेण घालतील." मी म्हटलं, "माझ्या ताटात जेवतोस, मग गायला काय होतं?"

एकेका घरची माणसं मेणबत्ती घेऊन आपापल्या घरचं गाणं गायला पुढे जात होती. एकाने गायलेलं गाणं दुसऱ्याने गायचं नाही, हे इथेही पाळतात. पण आजोबांनी रचलेलं गाणं आणखी कुणाकडे असणार? आम्ही एकही कडवं गाळलं नाही. कॅराडॉगने अगदी बाबांसारखा सूर लावला.

बाहेर पडताना एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाचं रे हे गाणं?"

"आमच्या घरचं."

"मग घरचे कुठे आहेत?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "तिकडे गावच्या चर्चमध्ये माझी आई आणि बहीण लावरी आत्ता हेच गातायत."

लावरीचा खोकला कसा आहे? बाबांच्या जागेवर तुम्ही दोघी उभ्या राहिलात ना? चर्चच्या दारात मी खोटं बोललो नाही, एवढं मला कळव.

तुझा,
इयोर्वर्थ