पोरींच्या नावांचं पान

सर,

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली, पण शाळकरी खेळांच्या बातम्या लिहिणं काही मी सोडलं नाही. अजूनही आमचं तालुक्याचं पान पाचला लागतं, मग काही घेत नाहीत, अजूनही अंतिम सामना नेमका पाचच्या तोंडावर रंगात येतो, आणि अजूनही आयोजक कानाशी येऊन विचारतात, "भाऊ, पाहुण्यांची नावं घेतली नं?" खेळाडूंची नावं घेतली का, असं विचारणारे तुम्हीच एक होता. मला शाळेत पीटी शिकवलीत, फळ्यावर सामन्यांचे निकाल लिहायला लावलेत, आणि पोट्टा पेपरात लागला म्हणून गावभर सांगत फिरलात. लाज वाटते सर, म्हणून लिहून राहिलो.

गोरेगावच्या मैदानावरची मुलींची ती जिल्हास्तरीय कबड्डी. अठरा वर्षं झाली. तुमची ती शेलाटी पोरगी शेवटच्या चढाईत तिघींना बाद करून परत येते आणि मातीतच बसून रडते. तिचा बाप राइस मिलमध्ये हमाल. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "तिचा बाप म्हनते, पोरगी खेळते का उंडारते हे लोकांले दिसू दे. पेपरात नाव येऊ दे, मंग नागपूरले विभागीय सामन्याले धाडतो. उद्या दुपारच्या गाडीनं निघाचं आहे. तिचं पयलं लिही, बाकी काही गेलं तं जाऊ दे." आणि बारा पोरींच्या नावांचं, तुमच्या अक्षरातलं एक पान माझ्या हातात दिलंत.

मी पीसीओवर फॅक्स करायला धावलो. एका पानावर बातमी, दुसरं पान तुमचं. लाइन लागत नव्हती. साडेचार वाजून गेले तेव्हा सभापतींचा माणूस मोटरसायकलवर आला. साहेब बक्षिसं वाटायला उशिरा पोचले होते, त्यांचं नाव राहिलं होतं. शेवटी जोडून दिलं असतं तर चाललं असतं. पण शेवटी नाव आलं तर साहेबांना राग येईल, आणि दिवाळीच्या जाहिराती त्यांच्याकडूनच मिळायच्या. मी काय केलं असेल सर? काउंटरवर वाकून अख्खं पान पुन्हा लिहून काढलं, साहेब तिसऱ्या नंबरवर बसावेत म्हणून. आग लागो त्या शहाणपणाला! ते पान गेलं आणि लगेच डेस्कवरून फोन आला, पान लागलं, आता काही धाडू नका. तुमचं पान घडी घालून मी पाकिटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर तुम्ही पेपर घेऊन उभे. बातमीत सतरा पाहुण्यांची नावं, आणि खाली एक ओळ, विजयी खेळाडूंचे सर्वत्र कौतुक होत आहे.

"काऊन रे, पोरींची नावं कुठं गेली?"

"मी धाडली होती सर. डेस्कवाल्यांनी कापली."

तुम्ही पेपराची घडी घातलीत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "जाऊ दे बाप्पा. तुहा काय दोष?" त्यापेक्षा चारचौघांत दोन कानाखाली ओढल्या असत्या तर बरं झालं असतं. तिथून तुम्ही सायकलीनं तिच्या घरी गेलात, बापाला समजावलंत. तो म्हणाला, पेपरात तर नाही नं. संघ अकरा पोरी घेऊन नागपूरला गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून परत आला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तुम्ही होतात तोवर आपली किती वेळा भेट झाली, चहा झाला, पण खरं काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

चार दिवसांपूर्वी गोंदियात शालेय स्पर्धा होत्या. एक बाई समोर आली. "भाऊ, ओळखलं का?" मला नव्हतं ओळखता आलं. तिची मुलगी चौदा वर्षांखालच्या संघात खेळत होती. बाईनं स्वतःच ओळख दिली, गोरेगावची ती शेवटच्या चढाईवाली पोरगी. ती हसत होती. "सर आखरीपर्यंत सांगत होते, पेपरवाला आपलाच पोट्टा आहे, त्यानं तुहं नाव धाडलं होतं, वरच्यांनी कापलं. म्या नागपूरले नाही गेली, पन कोनीतरी आपलं नाव लिहिलं होतं, याचं लई बरं वाटे. धाडलं होतं नं भाऊ?"

मी म्हटलं, "हो. पहिलंच तुमचं होतं."

तुमच्या शब्दाआड लपून मी पुन्हा खोटं बोललो, सर, आणि या वेळी ना पाच वाजायचे होते ना कुठला सभापती होता. तिनं मोबाइल नंबर दिला, माझा घेतला, मुलीचं नाव दोनदा सांगितलं. त्या मुलीचं नाव मी बातमीत पहिलं टाकलं, आणि त्यानं काही फिटलं असं मला क्षणभर वाटलंही.

जे तिला सांगायचं ते तुम्हाला लिहून राहिलो, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. हे कुठं धाडायचं नाही. तिचा नंबर माझ्याजवळ आहे. या चार दिवसांत तीनदा काढला, आणि लावला एकदाही नाही.