माझ्या हाडांची व्यवस्था

मी, पार्बताबाई देवमन सिरसाट, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं जागेवर आहे. डॉक्टरने तारीख विचारली, मी वारही सांगितला. कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला घरात दुसरं माणूस लागते.

१. दोन खोल्यांचं घर मुलगा संघपाल याला. तो पुण्याला असतो. विकलं तरी चालते, पण अंगणातली सीताफळं उतरल्यावर विकावं.

२. रुख्मिणीबाईच्या वावरात तीस वर्षं निंदण केलं. माझी कपबशी वेगळी, गोठ्यात राहायची. ती मी मागून आणली आहे. ती घासून तिच्या सुनेच्या हाती द्यावी. काही बोलू नये.

३. आता मुख्य. नात अपेक्षा जुन्या हाडांचं शिकते. पातूरकडे टेकाड खोदताना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दोन बाया निघाल्या, तेव्हा मला गाडीत बसवून घेऊन गेली. एकीच्या हातात तांब्याची कडी, उशाशी भांडी, दात मजबूत. दुसरी कडेला, जवळ काहीच नाही.

"आजी, हिच्या दातावरच्या रेघा पाह्य. लहानपणी उपाशी राह्यली हे."

मी दातांकडे नाही, मानेकडे पाहिलं. मणके झिजलेले. म्हटलं, "हे तं डोक्यावर वझं वाहत होती."

तिचे सर म्हणाले, "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"माही मान बी तिथंच दुखते ना, सर!"

सगळे हसले. सरांनी माझं म्हणणं वहीत लिहून घेतलं. मी घरी येईपर्यंत हसत होती. घरी आल्यावर सांगायला कोणी नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

तर मला जाळू नये, पुरू नये. देह डॉक्टरकीच्या कॉलेजात द्यावा आणि सांगाडा शिकवायला ठेवावा. रोजगार हमीची टोपली किती वाहिली, ते पोरांनी मोजावं. यावर संघपाल फोनवर भडकला.

"माय, लोक काय म्हनतीन? पोरानं मायले वाऱ्यावर सोडलं म्हनतीन!"

"बाबू, तुह्या शाळेसाठी ह्याच मानेवर माती वाहली. राखेत ते कोनाले दिसन?"

त्याने फोन ठेवला. चार महिने झाले, आला नाही. मी राग धरलेला नाही, हे इथं नोंदवते. पण देवमन गेल्यापासून मला कोणी हात लावलेला नाही. तिथं रोज एखादी पोरगी माझ्या मानेला हात लावून पाहीन.

ठिकाण: बार्शीटाकळी. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४.

सही: पार्बताबाई देवमन सिरसाट

साक्षीदार: १) माणिकबाई तायडे, शेजारीण (अंगठा)
२) कुलदीप ढोरे, औषधाचं दुकान (सही)

मुलाची संमती (हिच्याशिवाय कॉलेज देह घेत नाही):
संघपाल देवमन सिरसाट ..................

बाबू, जागा सोडली आहे. पोस्टाने पाठवू नको. येऊन सही कर.